जमाव नावाचं घर

किसनकाका,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा पहिला हक्क माझा नाही. तुमचा मुलगा मिलिंद आहे, सुमनकाकू आहेत, वस्तीतली माणसं आहेत. तुम्ही गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मिलिंदनं माईक माझ्यापुढे धरला होता. "तू बोल, तुझ्यावर लय जीव होता त्यांचा," म्हणाला. मी नाही म्हणून मान हलवली आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसलो. मंडपात बोलता आलं नाही ते कागदावर येईल याची खात्री नाही. आमच्या घरात पानभर सलग लिहिणारा मी पहिलाच, आणि अभ्यासाच्या बाहेर मीही कधी लिहिलेलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लिव की परफेसर, चुकलं तर खोड." पण मला चुकण्याची भीती नाही. यातलं निम्मं तुम्ही जिवंत असताना तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही. त्याची लाज आहे.

तुम्हाला 'काका' म्हणायलाही मी उशिरा शिकलो. आमच्या घरात आजोबा तुम्हाला 'किसन्या' म्हणायचे. त्यांच्या नातवाला, तुमच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या मला, तेच म्हणण्यात काही वावगं वाटायचं नाही. तुम्ही गावचे कोतवाल. तलाठ्याचा निरोप भोंग्यावर सांगणं, तहसीलचं टपाल गंगाखेडला नेणं, कुणाचं समन्स, कुणाचा दाखला, सगळी पायपीट तुमची. अकरावीत मला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि बाबांना तहसीलच्या पायऱ्यांची धास्ती. तुम्ही मला एसटीत शेजारी बसवून नेलंत. खिडकीतला क्लार्क "उद्या या" म्हणाला, तेव्हा तुम्ही अगदी नरमाईनं म्हणालात, "येतो की साहेब. पर हे पोरगं उद्या तुमच्याच खुर्चीवर येऊन बसलं तर माजी वळख ठिवा." तो हसला आणि दाखला मिळाला. बाहेर आल्यावर माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "काका, चहा घेऊ." तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिलात. "घेऊ. पर पैसे तू देऊ नको. तुजं उत्पन्न आत्ताच कागदावर पायलंय."

आता बाजाराच्या दिवसाकडे येतो. वळसा घालून उपयोग नाही.

मी बारावीला होतो. तुरी निघाल्या होत्या. बाजारतळाच्या कडेला, शाळेच्या भिंतीला लागून तुराट्यांच्या गंजी लागल्या होत्या. आठवडाभर सगळ्यांच्या मोबाईलवर एकच निरोप फिरत होता: लेकरं पळवणारी टोळी आली आहे, पोलिसांच्या कपड्यात फिरते, संभाळा. त्या सकाळी सोपान बहुरूपी तुमच्या ओसरीवर चहा प्यायला. दर साली सुगीनंतर येणारा माणूस. फौजदाराचं सोंग घ्यायचा: खाकी सदरा, खांद्यावर पत्र्याचे तारे, काखेत जुनं रजिस्टर, हातात वेताची छडी. कुणालाही बाजारात गाठायचं, 'तुझ्या नावाचं वॉरंट आहे' म्हणून दम भरायचा. माणसं घाबरल्यासारखं करायची, उलटं बोलायची, मग हसायची आणि त्याच्या झोळीत पसाभर धान्य टाकायची. रीत अशी की बहुरूपी गावात शिरण्याआधी कोतवालाला वर्दी देतो, आणि कोतवाल ती कुणाला सांगत नाही. सांगितलं तर सोंगात काय राहिलं? सोपान तुम्हाला म्हणाला होता, "किसनराव, बोलू नका बरं. पोट हाय." तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही रीत पाळलीत.

त्यानं आमच्या गल्लीतल्या चिमीचा हात धरला. चार वर्षांची पोर, मुठीत बोरं. "हिनं सरकारी बोरं चोरली! चला, हिला ठाण्यात घ्या!" चिमी हसत होती. हे मी पाहिलं आहे, ती हसत होती. भाजीच्या पालांकडून एक बाई किंचाळली, "धरा! पोरगी नेली!" चार जण धावले. एकानं त्याची कॉलर धरली. "आधार कार्ड दाखव." सोपानला वाटलं, ही पोरंही सोंगात उतरली. दर साली कुणीतरी असंच आडवं बोलायचं, तीच तर गंमत असायची. तो आणखी रुबाबात आला. "फौजदाराला आधार मागतो? तुलाच आत टाकतो, थांब!"

पहिली थोबाडीत बसली तेव्हा तो हसला, काका. दुसरीलाही हसला. तिसरीला ओठ फुटला, दातांवर रक्त आलं, आणि मग त्याला कळलं. त्यानं खांद्यावरचे तारे उपटून फेकले, हात जोडले. "बहुरूपी हाय बापू, तुमच्याच गावात येनारा बहुरूपी हाय." पण मागच्यांना ते ऐकू जात नव्हतं आणि पुढच्यांना ऐकायचं नव्हतं. एकानं पालाचा बांबू उपसला. एकानं कांदेवाल्याच्या काट्यावरचं दोन किलोचं माप उचललं. ते माप गुडघ्यावर बसलं तो आवाज ओला होता. तो सरपटत एका पालाखाली शिरला. त्याला पायाला धरून बाहेर ओढलं, मेथीच्या जुड्यांवरून, आणि त्या हिरव्या जुड्या त्याच्याबरोबर लाल होत बाहेर आल्या. एक जण उशिरा आला. "काय झालं?" म्हणून विचारलं, हातातली अंड्यांची पिशवी शेजाऱ्याकडे दिली, आत गेला, चार लाथा घातल्या, बाहेर आला आणि पिशवी परत घेतली. एकही अंडं फुटलं नव्हतं.

तुम्ही ग्रामपंचायतीतून पळत आलात. आधी भोंगा लावायला गेला होतात, लाईट नव्हती; तिथल्या खिडकीतून तुम्हाला सगळं दिसत होतं. तुम्ही सोपानवर पालथे पडलात. "सोपान हाय रे! आपला सोपान हाय!" कुणीतरी ओरडलं, "कोतवालबी त्यांच्यातलाच!" मग तुमच्या पाठीवरही बांबू पडले. दोघांनी तुमचे पाय धरून तुम्हाला बाजूला फरपटत नेलं. त्यातल्या एकाच्या घरचं रेशनकार्ड तुम्ही करून आणलं होतं.

आणि त्यानंतर मी. मी गंजीतून एक तुराटी ओढली, दोन माणसांच्या मधून वाट काढली आणि सोपानच्या पाठीवर मारली. तुराटी ती, चूल पेटवायची वस्तू. एका फटक्यात दोन तुकडे झाले, अर्धी माझ्या हातात राहिली. तो तेव्हा हलत होता. जीप आली आणि त्याला उचलून टाकलं, तेव्हा हलत नव्हता.

मला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. संध्याकाळी बाबांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "आमचं लेकरू क्लासला गेलं होतं."

तुमच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्या बांधून घेऊन तुम्ही जबाब दिलात, आणि चौदा जणांवर गुन्हा नोंदला गेला. मग गावानं तुमच्याशी बोलणं सोडलं. उसाचा ट्रॅक्टरसुद्धा तुम्हाला रस्त्यात बघून थांबेना. टपालाची पिशवी खांद्याला लावून तुम्ही फाट्यापर्यंत चालत जायचात, आणि मी कॉलेजसाठी परभणीला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून बघायचो. जामिनावर सुटून आलेले तेच चौदा जण गावात पुन्हा दूध घालत होते, लग्नात वाढत होते, माझ्या पाठीवर हात ठेवून "शिक बाबा, गावाचं नाव काढ" म्हणत होते. ते मनापासून म्हणत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

एम.ए.च्या वर्गात मॅडमनी आम्हाला शिकवलं की जगात जिथं जिथं माणसांनी माणसांची कत्तल केली, तिथं मारणारे बहुतेक वेळा साधे शेजारी होते. मी ते श्वास रोखून ऐकलं. मग 'जमावाची हिंसा: एक कारणमीमांसा' असा चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला आणि छापून तुमच्या ओसरीवर आणला. तुम्हाला वाचून दाखवला. बेकारी, अफवा, मोबाईल, भटक्या माणसांविषयीचा जुना संशय, पोलिसांवरचा अविश्वास, जमावात माणसाचं भान हरपणं. तुम्ही तंबाखू मळत ऐकत होता.

"संपलं?"

"संपलं."

"माणसं कुठं हायत?"

"कोणती माणसं?"

"मारनारी. तुज्या कागदात बेकारीनं मारलंय, मोबाईलनं मारलंय. बेकारीच्या हातात दोन किलोचं माप व्हतं का रे?"

आतून सुमनकाकू म्हणाल्या, "आवं, पोरगं चार महिने लिवायलंय. जरा चांगलं म्हना की."

"चांगलंच हाय. नुस्ती माणसं न्हाईत त्याच्यात."

मी चिडलो. म्हणालो, "काका, कारण सांगणं म्हणजे माफ करणं नाही."

"न्हाई. पर कारन आन् माफी शेजारी ऱ्हातेत. मधी भिंत बी कच्ची हाय."

"एकटा माणूस असं करत नाही. जमावात गेला की तो तो राहत नाही."

तुम्ही तंबाखू तोंडात टाकली. "वीस वर्सं मतदार यादी घिऊन मी दारोदार फिरलोय. वरची गल्ली, खालची गल्ली, आमची वस्ती. जमाव नावाचं घर न्हाई गावात. त्या दिशी जे आले ते कुन्या ना कुन्या घरातून जेवून आले व्हते. मारलं, आन् आपापल्या घरी गेले. घरच्यांनी पानी दिलं. हात धुतले. जेवले."

माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मी दिलं. म्हटलं, सोपान वीस वर्षं येत होता. गाव तेच, घरं तीच, माणसं तीच. मग त्याच वर्षी का मारलं? काहीतरी बदललं असणारच ना? तुम्ही उठून तंबाखू थुंकून आलात. "ते मला न्हाई सांगता येत," म्हणालात. "ते तू हुडक. त्यासाठीच तर शिकायलास. पर हुडकताना माणसं सोडू नको."

त्या प्रश्नावर मी आजही तुमच्याशी भांडायला तयार आहे. नुसती नावं सांगून ते वर्ष उलगडत नाही. पण तुम्ही हरल्यासारखं बोलला नाहीत आणि मीही जिंकल्यासारखा उठलो नाही. काकूंनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. आपण दोघं एका ताटापाशी जेवलो.

पुढे एकदा गंगाखेडला टपाल देऊन झाल्यावर आपण गोदावरीच्या, आपल्या गंगेच्या घाटावर बसलो होतो, तेव्हा तुम्ही तुमच्या वस्तीचं सांगितलंत. तुम्ही चौथीत होता. दिवस मावळताना गावातून माणसं आली आणि वस्तीतली घरं पेटवायला लागली. तुमच्या मायनं तुम्हाला काखेत मारून ज्वारीत पळवलं. धाटांच्या पात्यांनी तुमचं तोंड कापलं गेलं, रडू नये म्हणून तिनं तुमच्या तोंडावर इतका जोरात हात दाबला की तुमचा दात ओठात रुतला. मागे तुमची शेळी दावणीला बांधलेली होती. ती किती वेळ ओरडली हे तुम्ही सांगितलंत, आणि ओरडणं कधी थांबलं तेही. "माय म्हनायची, मला जाळ आठवत न्हाई. जाळाच्या उजेडात दिसलेली तोंडं आठवतेत." रॉकेलचा डबा ज्याच्या हातात होता, त्याच्याच रानात दुसऱ्या साली ती खुरपायला गेली. पोट होतं.

"त्यो मायला पानी वरून वतायचा," तुम्ही म्हणालात, "पर मजुरी कदी बुडवली न्हाई. तिला ताप आला तवा गाडी जुपून दवाखान्यात बी नेलं त्यानं. आता सांग परफेसर, त्यो मानूस वाईट का चांगला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्यानं जाळलं."

मी पुस्तकांतून दुष्टपणावर बरंच वाचलं आहे. कुणी म्हणतं तो माणसात असतो, कुणी म्हणतं परिस्थितीत. तुम्ही त्या वादात पडलाच नाहीत. माणूस कसा आहे ते तुम्ही विचारत नव्हता, त्यानं काय केलं ते विचारत होता. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. माझी तुराटी मला माहीत होती. तुम्हाला ती माहीत नाही असं मी धरून चाललो होतो.

गेल्या दिवाळीला मी सुटीत गावी आलो. केस उभी राहणार असं बोललं जात होतं. गावातली वजनदार माणसं बाबांकडे येऊन बसली. किसननं जबाब फिरवावा, सांगावं की गर्दीत ओळख पटली नाही. आणि हे त्याला कुणी सांगायचं? "तुमच्या पोराचं ऐकतो त्यो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणता आलं असतं. मी गेलो.

तुम्ही खाटेवर होता, तब्येत तेव्हापासूनच उतरलेली. मी म्हटलं, "काका, चौदा घरं उद्ध्वस्त होतील."

"सोपानचं घर कितवं?"

"तो गेला. आता परत येणार आहे का?"

"न्हाई. म्हनूनच इचारायलोय."

मग माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते शब्दाला शब्द इथं लिहितो, म्हणजे पुढे मला ते मऊ करून आठवता येणार नाही. मी म्हणालो, "तुम्ही सकाळी भोंग्यावर एक वाक्य बोलला असता तर तो जिवंत असता. मी नुसती तुराटी मारली. तुमच्या गप्प बसण्यानं मेला तो."

चुलीपुढे काकूंच्या हातातली भाकरी थापायची थांबली. तुम्ही उठून बसायचा प्रयत्न केलात, जमलं नाही, तसेच आडवे राहिलात.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "रोज सकाळी चहा घशात अडकतो माज्या." आणि थोड्या वेळानं, "तुजी तुराटी मी पायली व्हती. खाली पडलो व्हतो ना, तिथून पाय आन् हातच दिसत व्हते. तुजा हात दिसला."

मी चप्पल घालून निघून गेलो. त्यानंतर तुम्ही मला दोनदा फोन केलात. एकदा मी वर्गात होतो. दुसऱ्यांदा मी फोन हातात धरून तो वाजायचा थांबेपर्यंत बघत होतो.

काका, रीत पाळून गप्प बसणं आणि उघड्या पाठीवर मारणं यांना मी एका पारड्यात घातलं. मला फरक कळत होता. तुम्ही 'व्हय' म्हणालात म्हणून तो फरक मिटत नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुम्हाला माती द्यायला मी आलो तेव्हा पारावर गर्दी होती. त्यातले काही जण पाच वर्षांत पहिल्यांदा तुमच्या वस्तीकडे आले होते, हार घेऊन. एक जण बाबांच्या कानाशी म्हणाला, "सुटलो बाबा. मुख्य साक्षीदारच गेला." बाबांचे खांदे सैल झालेले मी पाहिले. घरी आल्यावर म्हणाले, "मिटलं आता. तू आपला शीक."

तिसऱ्या दिवशी मी परभणीला सरकारी वकीलबाईंकडे गेलो. मला साक्ष द्यायची आहे आणि मीही मारलं आहे, असं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं नाव यात कुठंच नाही."

"कोतवालांच्या जबाबात असेल. त्यांनी मला पाहिलं होतं."

त्यांनी फाईल उघडून तुमचा जबाब काढला. चौदा नावं, प्रत्येक बापाच्या नावासकट, गल्लीसकट. कुणाच्या हातात काय होतं तेही. अंड्यांची पिशवीसुद्धा. आणि सगळ्यात वर, चौदांच्याही आधी, 'सदर इसम बहुरूपी असल्याचे मला सकाळपासून माहीत होते, मी गावास सांगितले नाही.' माझं नाव नव्हतं.

मला तुमचा फार राग आला. माणसं सोडू नको म्हणणारे तुम्ही, एक माणूस सोडलात. का सोडलंत? मी एसटीत शेजारी बसलो होतो म्हणून? कुणी 'किसन्या' म्हणणाऱ्या घरातून येऊन 'काका' म्हटलं होतं म्हणून? की हे माझं मलाच लिहायला लावायचं होतं? तुम्ही फक्त माझ्यासाठी केलेली ही लबाडी आहे आणि मला ती परत करता येत नाही. तिच्याच जोरावर मी बी.ए. झालो, वसतिगृहात राहिलो, चाळीस पानं लिहिली. त्या वकीलबाईंच्या टेबलापुढे मला तुमची इतकी आठवण आली की खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला.

आणि मग मी त्यांना ते सांगितलं जे तुम्हालाही सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

मला माहीत होतं तो सोपान आहे. मी पहिलीत असताना त्यानं मलाही शाळेच्या फाटकात 'अटक' केली होती. मी भोकाड पसरलं तेव्हा त्यानं खाली बसून माझं नाक पुसलं होतं. त्या दिवशी तो बाजारात शिरला तेव्हाच मी त्याला चालीवरून ओळखलं. मला निरोप खरा वाटला नव्हता. मला राग आलेला नव्हता. मी घाबरलेलो नव्हतो, भानावर होतो. गंजीतली सरळ तुराटी निवडून घेतली इतका भानावर होतो. बाकीच्यांतले काही खरंच फसले असतील, मी फसलो नव्हतो. सगळे आत होते आणि मी बाहेर होतो, एवढंच. तुराटी मोडली तेव्हा शेजारच्या मोठ्या पोरानं माझ्या खांद्यावर थाप मारली, आणि काका, मला बरं वाटलं. एक माणूस मातीत तोंड घालून रक्त थुंकत होता आणि मला आपण मोठे झालो असं वाटलं. माझ्या चाळीस पानांत सगळं आहे, हे नाही.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लिहून द्याल? परिणाम माहीत आहेत ना?"

मी लिहून दिलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा मारलं. बैलाच्या कासऱ्यानं, ओसरीपासून अंगणापर्यंत. "चौदा जण सुटत व्हते, तू कामून गळ्यात घालायलास!" असं म्हणत मारलं आणि शेवटी कासरा टाकून स्वतःच रडत बसले. माय त्यांच्या आणि माझ्या मध्ये आली होती, तिच्या मनगटावर वळ उठला आहे. गल्लीत कुणी बोलत नाही. परवा फाट्यावर दोघांनी मोटरसायकल आडवी लावली. त्यातल्या एकानं माझी मान धरून माझं डोकं एसटीच्या थांब्याच्या खांबावर आपटलं आणि म्हणाला, "कोतवाल मेला, तुझं काय?" भुवईवर चार टाके आहेत. मिलिंदनं दवाखान्यात नेलं. त्यानं मला काही विचारलं नाही. त्याला माझ्याविषयी काय वाटतं ते मला माहीत नाही, विचारायची हिंमतही नाही.

शूर झालो असं समजू नका. मला भीती वाटते. माझं शिक्षण जाईल, नोकरी मिळणार नाही, मायला गावात पाणी भरणं अवघड होईल. काही वेळा वाटतं, तुमच्या जबाबात माझं नाव नव्हतंच, तर मी गप्प का बसलो नाही. एवढंच सांगू शकतो की तुमचा दुसरा फोन मी घेतला असता, तर कदाचित हे सगळं तुमच्या खाटेशेजारी बसून ठरवलं असतं.

काल दुपारी ठाण्यातून फोन आला.

"कोर्टाचा कागद हाय तुझ्या नावाचा. येऊन सही करून घिऊन जा."

"साक्षीदार म्हणून आहे का साहेब?"

"वाच की तू येऊन. शिकलेला हायस ना."

मी गेलो. हवालदारानं टेबलावरून कागद सरकवला, सहीची जागा बोटानं दाखवली. मी उभ्यानंच तीनदा वाचला. केस पुढच्या महिन्यात उभी राहते आहे. त्याच तारखेला मी हजर राहून सांगायचं आहे की मला आरोपी का करू नये. माझ्या नावाच्या आधी लिहिलं आहे: प्रस्तावित आरोपी क्रमांक पंधरा. मी सही केली. ही बातमी आधी तुम्हाला सांगतो आहे, काका. मायला अजून सांगायची आहे.